बागपुऱ्याचा छेद

मागच्या वर्षी जानेवारीत मैत्रिणीचा फोन आला. ती मूळची संभाजीनगरची, मी पुण्याची. आर्किटेक्चरला पाच वर्षं एकाच टेबलावर ड्रॉइंग केली. पुढे ती लिखाणाकडे वळली आणि मी इमारती सांभाळून चित्रं काढत राहिले. दिवाळी अंकासाठी तिनं एक दीर्घ विज्ञानकथा लिहायला घेतली होती. काळ २१८० चा. जागा नाथसागराच्या काठी वसलेलं एक नवं शहर, नाव प्रतिष्ठान. पैठणचं हे जुनं नाव तिला परत वापरात आणायचं होतं.

"मला त्या शहरातली एकच वस्ती काढून दे," ती म्हणाली. "सगळ्यांत श्रीमंत वस्ती. बागांची. तिथं राहायला मिळावं म्हणून माणसं जन्मभर धडपडतात, अशी. बाकीचं शहर मी शब्दांत उभं करीन, पण ही वस्ती मला आधी डोळ्यांनी दिसायला हवी."

औरंगाबादच्या जुन्या वस्त्यांना पुरे म्हणतात, बेगमपुरा, जयसिंगपुरा वगैरे. त्यामुळे वस्तीचं नाव फोन ठेवायच्या आतच ठरलं. बागपुरा.

पहिले तीन आठवडे मी भराभर काढत गेले. काचेचे घुमट, त्यांच्या आत धुकं, उंच पुलांवरून लोंबणाऱ्या वेली. समोर संदर्भही तसेच होते. सिंगापूरची 'गार्डन्स बाय द बे' ही बाग २०१२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिथले ते लोखंडी महावृक्ष पंचवीस ते पन्नास मीटर उंच आहेत. मिलानमध्ये २०१४ साली दोन उंच इमारतींच्या सज्ज्यांत शेकडो झाडं लावली, त्यांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. मला ही दोन्ही कामं मनापासून आवडतात आणि माझ्या चित्रांत ती उतरलीच. सोळा चित्रं झाली तेव्हा मी तिला पाठवली.

रात्री तिचा निरोप आला. "सुंदर आहेत. पण ही वस्ती जगात कुठंही असू शकते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता इथं माणूस काय करतो, ते मला दाखव."

मी ते दाखवायला बसले आणि दाखवता येईना. काचेच्या घुमटात, मराठवाड्याच्या उन्हात, दुपारी दोन वाजता माणूस काय करणार? सिंगापूरच्या काचघरांत यंत्रांनी थंड केलेली हवा खेळवतात, म्हणून ती चालतात. इथं तसा घुमट म्हणजे नुसती भट्टी, आणि ती थंड ठेवायला आणखी एक वीजघर बांधावं लागेल. तरी मी दोन दिवस घुमट सोडला नव्हता. तो सुटला एका चिलटाएवढ्या माशीमुळे.

कथेच्या सुरुवातीलाच तिला एक प्रचंड वड हवा होता, पाखरांनी भरलेला. वडाची फुलं फळाच्या आत असतात आणि त्यांचं परागीभवन करणारी माशी वेगळी असते. वडाची वेगळी, उंबराची वेगळी, पिंपळाची वेगळी. ती माशी फळाच्या तोंडाशी असलेल्या भोकातून आत शिरते, तेव्हाच फळ नीट पिकतं. बंद घुमटात ती येणार कुठून? ती नाही तर फळं तशीच गळून पडणार. फळं नाहीत तर हरियाल नाहीत, कोकीळ नाही, तांबट नाही, वटवाघळं नाहीत. झाड उभं राहील, पण मुकं. मी घुमटाची सगळी चित्रं बाजूला ठेवली. बागपुरा उघड्या आभाळाखालीच करायचा, हा पहिला पक्का निर्णय.

दुसरा निर्णय हिरवळीचा. श्रीमंत बाग म्हटली की डोळ्यांसमोर आधी हिरवळ येते, माझ्याही आली. म्हणून हिशेब मांडला. मराठवाड्यात हिरवळीतून वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी हवेत जातं, मे महिन्यात ते आठपर्यंत पोचतं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. एका हेक्टरला दहा हजार चौरस मीटर, म्हणजे रोज पन्नास हजार लिटर. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं, असा आपल्याकडे दंडक आहे. भाग दिला, उत्तर आलं ३७०. एक हेक्टर हिरवळ ३७० माणसांचं पाणी पिते.

हा आकडा मी पेन्सिलनं कागदाच्या कोपऱ्यात लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं होतं. त्या वर्षी मैत्रिणीच्या घरी आठवड्यातून एकदा नळ यायचा आणि तिची आई भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला, तुळशीचं पाझरलेलं पाणी फरशी पुसायला, असं करत होती. तिथं मी एक हेक्टर हिरवळ काढली होती. एक नाही, बावीस हेक्टर. ती मी पुसली. बागपुऱ्यात हिरवळ राहिली ती फक्त एका चौकात, लहान मुलांना लोळायला.

मग झाडांचा हिशेब केला. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना आपल्याबरोबर साधारण ०.६८ युनिट (वीजबिलातलं तेच युनिट) उष्णता घेऊन जातं. चांगलं वाढलेलं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी पानांतून सोडत असेल, तर ते अडुसष्ट युनिटं उष्णता हवेतून ओढतं. दीड टनाचा एसी बारा-तेरा तास न थांबता चालला, तर तेवढी उष्णता बाहेर टाकतो. शिवाय झाड सावली देतं, आणि हिरवळ ती देत नाही. त्यामुळे पाणी कुठं खर्चायचं हे ठरलं, सावलीवर. आणि मैत्रिणीच्या दोन वाजताच्या माणसाचं उत्तर निम्मं मिळालं. तो सावलीत बसलाय.

पण बसलाय कशावर? इथपासून माझ्या मामेभावाचा त्रास सुरू झाला. तो स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, बोलतो कमी आणि बोलतो ते थेट. बागपुरा मी जमिनीपासून बारा मीटर वर काढला होता, कारण मैत्रिणीला ती वस्ती शहरातून मान वर करून दिसायला हवी होती. मी त्याला प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा आराखडा, दाखवला. तो म्हणाला, "ताई, प्लॅन नको दाखवूस. छेद दाखव."

छेद म्हणजे इमारत सुरीनं उभी कापली तर जे दिसतं ते. शिकताना आम्हाला छेद काढायचा कंटाळा यायचा, प्लॅन काढायला मजा यायची. त्यानं कागद ओढून घेतला आणि हिशेब केला. भिजलेली माती घनमीटरला सुमारे १,८०० किलो. मोठ्या झाडाला दीड मीटर खोल माती हवी, म्हणजे चौरस मीटरला २,७०० किलो. आणि राहत्या घरातली माणसं, पलंग, कपाट, सगळं मिळून आम्ही चौरस मीटरला २०० किलो धरतो. "तेरापट," तो म्हणाला. "वर झाडाचं वजन वेगळं, वादळाचा झोत वेगळा. पाणीही वरच साठवणार असशील तर खाली नुसते खांबच उभे राहतील, माणसांना जागा उरायची नाही."

त्यानं बाग काढून टाक म्हटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तो म्हणाला, झाड खांबावर ठेव. दोन खांबांच्या मध्ये स्लॅब सगळ्यांत दुबळा असतो, तिथं तीस सेंटिमीटर माती पुरे. गवत, भुईचाफा, लिली, पाण्याचा उथळ पाट, पायवाट. आणि खांबाच्या बरोबर डोक्यावर मातीचा उंचवटा कर, झाड तिथं. वजन सरळ खाली जाईल.

ते ऐकल्यावर माझी बागच बदलली. तोपर्यंत मी झाडं चित्रासारखी विखरून टाकत होते, डोळ्याला बरी दिसतील तिथं. आता आठ-आठ मीटरवर एक खांब, खांबावर उंचवटा, उंचवट्यावर झाड, आणि मधल्या सखल भागातून पाणी. खाली इमारतीला जी लय, तीच वर बागेला. पायवाटा आपोआप उंचवट्यांच्या मधून वळत गेल्या. बाग पहिल्यांदा खरी वाटायला लागली आणि तरीही त्यात काहीतरी कमी होतं, ते काय हे मला कळत नव्हतं.

मे महिन्यात संभाजीनगरला गेले. मैत्रीण म्हणाली, चल, पाणचक्कीला जाऊ, लहानपणी आम्हाला उन्हाळ्यात तिथंच न्यायचे. पाणचक्की अठराव्या शतकातली. काही किलोमीटर दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी पाणी आणलंय. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराला नहरी दिल्या, त्याच परंपरेतलं हे काम. पाणी एका उंच भिंतीच्या आतून नळानं वर चढतं आणि धबधब्यासारखं हौदात पडतं. त्या पाण्याच्या जोरावर पूर्वी दळण दळलं जायचं, दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार.

हौदाच्या काठी मोठा वड आहे. आम्ही आधी त्याच्याखाली बसलो. मग ती म्हणाली, खाली चल. हौदाच्या तळाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छप्पर, आणि ते जाडजूड दगडी खांबांच्या रांगांवर पेललंय. बाहेर ऊन असं होतं की दगडावर हात ठेववत नव्हता. आत पाच-सहा पावलं गेले आणि दंडावरचा घाम गार झाला. मी खांबाला पाठ लावून उभी राहिले. डोक्यावर एवढं पाणी आहे हे माहीत होतं, पण ते कळत होतं फक्त कातडीला. कान दिला तर वर पाणी पडल्याचा आवाज दगडातून येत होता, घुमलेला, दुसऱ्या खोलीत कुणी बोलतंय तसा. थोडं ओल्या चुन्यासारखं काहीतरी नाकाला येत होतं. बोलावंसं वाटेना. आम्ही दोघी पाऊण तास तिथंच होतो.

तीन महिने मला जे सापडत नव्हतं ते हे होतं. मी बाग बघायची वस्तू म्हणून काढत होते. घरं एका बाजूला, बाग समोर, आणि माणूस गॅलरीत उभा राहून बघतोय. अठ्ठेचाळीस अंशांच्या दुपारी खरं ऐश्वर्य बागेच्या समोर नसून बागेच्या खाली असतं. माती, मुळं आणि पाणी यांच्याखाली, जाड छपराच्या आड. मुंबईतही मलबार हिलच्या हँगिंग गार्डनखाली शहराच्या पाण्याचा जलाशय आहे. एकोणिसाव्या शतकात तो झाकून वर बाग केली. तिथं मी लहानपणापासून कितीदा गेलेय, आणि पायाखाली पाणी आहे हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत गुडघ्यावर वही ठेवून मी बागपुऱ्याचा छेद काढला. बारा मीटरवर बाग. तिच्या लगेच खाली श्रीमंतांची घरं, आणि त्या घरांना वाड्यासारखे चौक. चौक आभाळाकडे उघडा, त्याच्या चारही बाजूंना खोल्या, आणि कुठलीही खोली चौकापासून सहा मीटरपेक्षा खोल नाही, म्हणजे उजेड पोचेल. बागेतून चालताना कठड्यावरून खाली वाकलं की कुणाच्या तरी चौकातली तुळस दिसेल. घराच्या खाली, जमिनीवर, पाण्याचे मोठे हौद आणि पाणी शुद्ध करायची तळी. तिथं काम करणारी माणसं आणि त्यांची घरं. या थराला नाव मैत्रिणीनं दिलं, तळपुरा.

बाग आणि घर यांच्यामध्ये मी आणखी एक पोकळ मजला घातला, माणूस वाकून चालेल एवढा. त्याचं कारण घरचं आहे. आमच्या गच्चीवर मी कुंड्यांमागून कुंड्या वाढवत गेले आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या काकूंच्या देवघराच्या छतावर डाग आला. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवायला गच्चीवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, उखडून बघितला तर पाणी शिरलं होतं एका टोकाला आणि उतरलं होतं भलतीकडेच, बारा फूट लांब. काकू एक शब्द वाईट बोलल्या नाहीत, देव पुढच्या खोलीत हलवले आणि मला चहा दिला. मला तो डाग अजून दिसतो. मातीखालचा कोबा कधी ना कधी गळणारच. प्रश्न एवढाच की गळती माणसाच्या डोक्यावर यायच्या आधी कुणाला दिसते का. म्हणून तो पोकळ मजला, आणि त्यात रोज दिवा घेऊन फिरणारी माणसं. मैत्रिणीनं त्यांना कथेत 'गळतीवाले' म्हटलंय. तिची नायिका त्यांच्यातलीच एक झाली.

जूनमध्ये झाडं निवडायला बसले. हा भाग मला सगळ्यांत प्रिय, आणि इथं मी मुद्दाम वेळ घेतला. बंगळूरला लालबागेचे जर्मन अधीक्षक क्रुंबिगल यांनी रस्त्यांची झाडं अशी योजली होती की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. मला ते बागपुऱ्यात मराठी महिन्यांनी करायचं होतं. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर, पानं नसलेल्या फांद्यांवर नुसता लाल. चैत्र-वैशाखात बहावा आणि ताम्हण शेजारी शेजारी, पिवळ्याला जांभळं. पावसाळ्यात कदंबाचे चेंडू. भाद्रपदापासून पारिजातक, आणि बुचाच्या लांब दांड्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा. शरदात सप्तपर्णी, तिचा वास काहींना सहन होत नाही, डोकं धरतं, म्हणून ती वस्तीच्या अगदी कडेला. गुलमोहर मी ठेवला नाही. दिसायला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण मुळं वरवर पसरतात आणि पहिल्या वादळी पावसात तो आडवा होतो, हे आपण दर वर्षी रस्त्यांवर बघतो. उथळ मातीच्या गच्चीवर तो लावणं योग्य नव्हे.

रंगांपेक्षा वासांचं वेळापत्रक करायला जास्त दिवस लागले. बागपुऱ्यातली माणसं उन्हाळ्यात दिवसभर खाली घरांत राहतील आणि सूर्य कलला की वर येतील, म्हणजे ही बाग संध्याकाळची आणि रात्रीची. मग दिव्यांचा लखलखाट हवा कशाला? मी पायवाटेला घोट्याएवढ्या उंचीचे मिणमिणते दिवे दिले आणि बाकी काळोख तसाच ठेवला. काळोख असला तर पतंग येतात, वटवाघळं येतात. अंधारात डोळ्यांचं काम नाक करतं. वर येणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी मोगरा, कारण तो दिवेलागणीला उमलतो. पाटाच्या पलीकडे रातराणी, दूर, कारण ती जवळ उग्र वाटते आणि वाऱ्यावर आली तर गोड. पारिजातक घराच्या चौकांच्या काठावर, असा की पहाटे त्याची फुलं कठड्यावरून खाली चौकात पडावीत. सकाळी दार उघडलं की अंगणात केशरी देठांची फुलं. वर बाग आहे, हे खालच्या माणसाला त्या फुलांनी कळावं. बकुळ मात्र मी वाटेवरच लावली, अनवाणी चालताना पायाला लागावी म्हणून.

एका रोपवाटिकेत गेले होते, वाढलेली झाडं उचलून नेता येतात का ते विचारायला. तिथल्या माळीदादांनी सरळ हिशेब सांगितला, खोडाच्या जाडीच्या दहापट रुंद मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, हवी, नाहीतर झाड धरत नाही. वीतभर खोडाचं झाड असेल तर दोन मीटर रुंद हुंडी, वजन पाच टनांच्या पुढे. बारा मीटरवर ते चढवणार कसं? त्यापेक्षा लहान रोप लावा आणि थांबा, ते म्हणाले. म्हणून बागपुऱ्याला वय आलं. मी तो तीनदा काढला. पहिल्या वर्षाचा, विसाव्या वर्षाचा, साठाव्या वर्षाचा. पहिल्या वर्षी नुसते मातीचे उंचवटे आणि काठ्यांना बांधलेली रोपं. त्यांच्या आडोशाला भराभर वाढणारे शेवगे आणि हादगे, लगेच सावली मिळावी म्हणून. विसाव्या वर्षापर्यंत ते काढून टाकलेले. कथा घडते ती साठाव्या वर्षी. ज्यांनी लावलं ती पिढी तोवर गेलेली असते.

आणि मग पाण्याचा शेवटचा हिशेब, जो मी टाळत होते. बाग चाळीस हेक्टरांची. हिरवळ काढून टाकल्यामुळे गरज निम्म्यावर आली असं धरलं तरी दिवसाला दहा लाख लिटर, उन्हाळ्यात सोळा लाख. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटर, म्हणजे चाळीस हेक्टरांवर अठ्ठावीस कोटी लिटर पडतो. निम्मा हौदांत उतरवता आला तर चौदा कोटी. म्हणजे चांगल्या वर्षी उन्हाळ्याचे तीन महिने जेमतेम निघतात. उरलेल्या कोरड्या महिन्यांत बाग जगणार ती वापरलेलं पाणी शुद्ध करून. एका माणसामागे १३५ पैकी साधारण १०८ लिटर सांडपाणी परत येतं. दहा लाखांना सव्वानऊ हजार माणसं लागतात. बागपुऱ्यात राहतात तीन हजार.

म्हणजे सव्वासहा हजार माणसांच्या आंघोळीचं आणि धुण्याभांड्याचं पाणी तळपुऱ्यातून आणि त्यापलीकडच्या शहरातून यायला हवं, नाहीतर ही बाग उभी राहत नाही. आणि पाऊस निम्म्यावर आलेल्या वर्षी हौद अर्धे भरले, तर उन्हाळ्याच्या मध्यावर ते संपणार. त्यापुढे पंधरा हजार माणसांच्या पाण्यावर तीन हजारांची बाग. पण दुष्काळात गरीब माणूस आधी आंघोळच सोडतो. मग सांडपाणी येणार कुठून?

मी हा कागद मैत्रिणीला पाठवला. रात्री साडेअकराला तिनं फोन केला आणि नुसती म्हणाली, "अगं, हीच कथा आहे." तोपर्यंत तिच्या कथेत बंड होतं, पण ते कशावरून होतं हे तिला पटेल असं मिळालं नव्हतं. आता मिळालं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तळपुऱ्यातल्या बायका आपलं वापरलेलं पाणी वर पाठवायचं थांबवतात. गल्लीगल्लीत हंडे भरून ठेवतात, भाजीचे वाफे करतात. कुणाच्या हातात दगड नाही. वर बकुळी वाळायला लागतात.

राहिला होता वड. मामेभावानं तो खांबावर ठेवायला ठाम नकार दिला होता आणि त्याचं बरोबर होतं, वडाची मुळं कोबा फोडून स्लॅबमध्ये शिरतात. दीड मीटर मातीत तो मावणारही नाही. मी तो खऱ्या जमिनीत लावला, तळपुऱ्याच्या मधोमध, आणि त्याच्यासाठी वरच्या सगळ्या थरांना गोल भोक ठेवलं, चाळीस मीटर रुंद. वड बावीस मीटर वाढलेला. बारा मीटरपर्यंत खोड, पारंब्या आणि खालच्या फांद्या, त्याच्या वरचा पसारा बागेत. बागपुऱ्यातल्या माणसांना दिसतो फक्त वरचा घेर, हिरव्या टेकडीसारखा, आणि त्यातली पाखरं. फळं खाऊन हरियाल उडतात ते त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. खोड त्यांच्यापैकी अनेकांनी कधी पाहिलेलंच नसतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रंगकाम संपत आलं असताना तिनं विचारलं, "पार कुठं काढलायस?"

मी काढलाच नव्हता. वरच्या बागेत वडाभोवती सुंदर दगडी कठडा काढला होता, बसायला बाक, पाण्याचा पाट. पण तो पार नव्हे. पार खोडाभोवतीच बांधतात, आणि खोड खाली होतं. मी जुनं चित्र बाहेर काढलं आणि तळपुऱ्यात, पारंब्यांच्या मधून, काळ्या दगडाचा पार रंगवला. तीन पायऱ्या. एका बाजूला झिजलेली कड, जिथं साठ वर्षं माणसं टेकून बसलीत. वरच्या भोकातून उजेड फांद्यांतून गाळून खाली येतो, म्हणून पारावर सगळीकडे कवडसे. बाजूला दोन हंडे, आणि एक मुलगी वर बघतेय.

चित्र पोचल्यावर तिनं कथेचं पहिलं पान बदललं. आधी कथा बागेत, कारंज्यापाशी सुरू होत होती. आता ती पारावर सुरू होते.